ब्लाइंड, चाल आणि पानिपत

दिवाळीत जो जुगार खेळत नाही तो पुढच्या जन्मी गाढव होतो, अशी उत्तरेत समजूत आहे. ती खरी असेल तर नारायण पेठ, डोंबिवली पूर्व आणि दादरचा बराचसा भाग पुढच्या जन्मी ओझी वाहणार आहे. आपण दिवाळीला पहाटे उठतो, उटणं लावतो, अंगठ्याने कारीट फोडतो आणि चकली मऊ का पडली यावर दुपारपर्यंत चर्चा करतो. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असंही नाव आहे, पार्वतीने शंकराला फाशांत हरवल्याची कथाही आजीने सांगितलेली असते. पण पंचांगातलं आपण सोयीचं तेवढंच घेतो. उपासाला साबुदाणा घेतला, द्यूत सोडून दिलं.

दिल्लीने मात्र ते जपलं आहे. दसऱ्याचा रावण विझला की इथे पत्त्यांचा हंगाम सुरू होतो आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री शिगेला पोचतो. नोएडा-गुडगावात नव्याने आलेल्या मराठी माणसाला लिफ्टमध्ये आमंत्रण मिळतं, "भाईसाब, सॅटरडे को छोटा-सा गेट-टुगेदर है, थोडे कार्ड्स हो जाएंगे." यातल्या 'छोटा-सा'चा अर्थ चाळीस माणसं आणि 'थोडे'चा अर्थ पहाटेचे साडेतीन. मराठी माणूस डब्यात अनारसे घेऊन आठ वाजता पोचतो तेव्हा यजमान अंघोळीला गेलेले असतात.

पत्त्यांची आपली शिदोरी म्हणजे बदाम सात, मेंढीकोट, पाच-तीन-दोन, भिकार-सावकार आणि झब्बू. यातल्या एकाही खेळात पैसा नाही. जास्तीत जास्त काय होणार, तर झब्बू चढणार. गणपतीच्या जागरणात मंडपामागे बसणाऱ्यांना तीन पत्ती ठाऊक असते, पण ती मंडळी घरच्यांसमोर तसं कबूल करत नाहीत. दिल्लीत कामाला येईल असा आपला एकच खेळ आहे, चॅलेंज. पानं पालथी टाकायची आणि "तीन राण्या" म्हणायचं. खाली दुर्री, चौकी, सत्ती काहीही असो. आमच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत चॅलेंजमध्ये कायम आत्या जिंकायची. ती सोवळ्याने स्वयंपाक करायची, एकादशी धरायची आणि तिने "तीन राण्या" म्हटल्यावर पानं उलटून बघायची कुणाची छाती होत नसे. मामा खरोखरच्या तीन राण्या टाकायचे तरी चारी बाजूंनी "चॅलेंज!" असा गिल्ला व्हायचा. पुढे दिल्लीत जे पाहिलं ते सगळं या दोघांतच होतं, फक्त रक्कम नव्हती.

तीन पत्तीचे नियम पाच मिनिटांत समजतात. घात होतो तो त्यामुळेच. सुरुवातीला सगळ्यांनी ठरलेला बूट मधे टाकायचा, मग प्रत्येकाला तीन पानं. ती न बघता पैसे टाकले तर ब्लाइंड, बघून टाकले तर चाल. ब्लाइंडवाल्याने शंभर टाकले की पानं बघितलेल्याने कमीत कमी दोनशे टाकायचे. पटत नसेल तर पॅक म्हणून पानं खाली ठेवायची. दोघेच उरले की शो मागता येतो. जास्त असतील तर शेजारच्याकडे साइड शो. आता त्यातली गंमत बघा. ज्याने पानं बघितली, विचार केला, हिशेब मांडला, त्याला दुप्पट भाव; आणि ज्याने पानांकडे ढुंकूनही न बघता एक हात काजूच्या बशीत ठेवला आहे त्याला अर्धा. अज्ञानाला एवढी घसघशीत सवलत मी दुसऱ्या कुठल्या खेळाच्या नियमांत पाहिलेली नाही. शिवाय ब्लाइंडवाल्याकडे साइड शोही मागता येत नाही. त्याने काही बघितलेलंच नाही, तो दाखवणार काय!

हिशेबाची खोड असलेल्यांसाठी सांगतो. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० संच होतात. त्यांपैकी १६,४४० संचांत काहीही नसतं. जोडी नाही, रंग नाही, ओळ नाही. म्हणजे टेबलावर आठजण चेहरे गंभीर करून बसलेले असतात तेव्हा त्यांतल्या साधारण सहाजणांच्या हातात कचरा असतो. तीन पत्ती हा कचरा कोण जास्त आत्मविश्वासाने धरतो याचा खेळ आहे. अजून एक बारकावा. तीन सारखी पानं, म्हणजे ट्रेल, ५२ प्रकारे येते आणि एकाच रंगाची सलग तीन, म्हणजे प्युअर सिक्वेन्स, ४८ प्रकारे. दुर्मीळ पान वरचढ हवं, तर इथे दुर्मीळ ते खाली! हे मी एका पार्टीत समजावून सांगायला लागलो तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या कर्नलसाहेबांनी माझ्या ताटलीत आणखी एक पनीर टिक्का ठेवला आणि म्हणाले, "आप खाओ जी."

बाराच्या पुढे साधी तीन पत्ती मिळमिळीत वाटू लागते. मग मुफलिस निघते, ज्यात सगळ्यात भिकार पानं जिंकतात. मग एके-४७ निघते, ज्यात एक्का, राजा, चौकी आणि सत्ती हे सगळे जोकर. अशा वेळी कुणाकडे काय आहे हे त्याचं त्यालाही कळत नाही आणि भाव मात्र त्याच वेळी सगळ्यात वर असतो.

आता मुद्द्याचं. अशा टेबलावर आक्रमक कधी व्हायचं? दिल्लीकराला हा प्रश्न विचारणं म्हणजे माशाला पोहायचं कधी असं विचारणं. हे शहर आठ प्रहर चाल वाढवतच असतं. सिग्नल हिरवा होण्याआधी मागचा हॉर्न वाजवतो. तो कशासाठी हे त्यालाही माहीत नसतं, पण आधी वाजवला हे महत्त्वाचं. पार्किंगवरून भांडण झालं की दुसऱ्याच वाक्याला "तू जानता नहीं मैं कौन हूँ" येतं आणि समोरचाही तेच म्हणतो. दोघेही एकमेकांना ओळखत नाहीत एवढंच त्यातून सिद्ध होतं. लग्नाच्या वरातीत, हाउसिंग सोसायटीच्या सभेत, मेट्रोच्या दारात, सगळीकडे पहिली बोली वरचीच. त्यामुळे पत्त्यांच्या टेबलावर दिल्लीकराने पाच हजार टाकले तरी त्यातून काही कळत नाही. त्याच्याकडे तीन एक्के असतील, किंवा आज त्याची बदली झाली असेल, किंवा मेव्हण्याने नवी गाडी घेतली असेल. जिथे सगळेच ओरडतात तिथे ओरडणं ही बातमी राहत नाही.

याउलट मराठी माणूस. तो दहा डाव बूट घालवतो आणि पानं बघून हळूच पॅक म्हणतो, तेही "सॉरी हं" जोडून. अकराव्या डावाला राजाची जोडी येते. तो चष्मा काढतो, पुसतो, पुन्हा लावतो, पानं पुन्हा बघतो आणि एक चाल वाढवतो. क्षणात अख्खं टेबल पानं टाकतं. "ये मराठी आदमी है, इसके पास होगा." हाती काय लागतं? सगळ्यांचे बूट आणि "क्या था?" असं विचारणाऱ्यांना पानं दाखवल्याचं समाधान. तो दाखवतोच. प्रामाणिकपणा सिद्ध करायची संधी आपण सोडत नाही. आक्रमकतेचे सगळे कष्ट केले आणि कमाई समोश्याच्या खर्चाइतकी!

माझा भाचा सायबर सिटीत नोकरी करतो आणि तीन पत्तीला 'बुजुर्गांचा खेळ' म्हणतो. त्याचं पोकर असतं. त्यांच्या बैठकीत गाद्या-लोड नाहीत. हिरवं कापड, जड चिप्स, आळीपाळीने पुढे सरकणारं डीलरचं बटण, आणि खायला काय तर मखाने. ही पोरं एकमेकांशी 'रेंज' आणि 'इक्विटी' यांवर बोलतात. त्यांच्यात निकिता लूथरचं नाव आदराने घेतलं जातं. दिल्लीच्या या मुलीने २०१८ मध्ये लास वेगासच्या जागतिक पोकर मालिकेत जोडीदाराबरोबर स्पर्धा जिंकून मानाचं ब्रेसलेट मिळवलं. ते मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. भाच्याला विचारलं, "अरे, जोरात कधी खेळायचं?" तर तो म्हणाला, "मामा, तुम्ही जोर म्हणजे पानांचा जोर समजता. पानं ही सगळ्यात शेवटची गोष्ट आहे."

मग त्याने जे सांगितलं त्यात तथ्य होतं, हे मला त्याच्या आईसमोर मान्य करता येणार नाही. पोकरमध्ये दोन पानं आपल्या हातात आणि पाच मधे सगळ्यांची. हातात दोन एक्के यायची शक्यता २२१ डावांत एकदा. त्यांचीच वाट बघत बसलात तर म्हातारे व्हाल. दुसऱ्याच्या पैजेला नुसते पैसे भरत राहिलं तर जिंकायचा एकच रस्ता उरतो, शेवटी आपली पानं चांगली निघणं. आपण पैज वाढवली तर दोन रस्ते, एक तो आणि दुसरा समोरच्याने घाबरून पानं टाकणं. म्हणून मधल्या पानांनी निम्मं काम केलंय, अजून एक बदाम आला की रंग होतो, अशा वेळी जोर लावावा. घाबरला तर उत्तम, नाही घाबरला तर अजून बदाम यायचा आहे. पहिल्या तीन खुल्या पानांनंतर चार बदाम हाताशी असतील तर पाचवा येण्याची शक्यता सुमारे पस्तीस टक्के.

"आणि हातात काहीच नसेल तर?"

"तर आधी बघायचं की समोर किती जण आहेत. एक असेल तर खोटं बोलता येतं. चार असतील तर त्यांतल्या एकाकडे तरी काहीतरी असतंच. मग बघायचं की आपण शेवटी बोलणार की आधी. शेवटी बोलणाऱ्याने सगळ्यांचं ऐकलेलं असतं. मधे हजार असतील आणि आपण पाचशे लावले, तर तीनांत एकदा समोरचा पळाला तरी आपण बरोबरीत सुटतो. पूर्ण हजार लावले तर निम्म्या वेळा पळायला हवा."

हे झालं गणित. त्याच्या पुढचं वाक्य मला जास्त भावलं. म्हणाला, "पण जो पळतच नाही त्याला खोटं सांगू नये. त्याला फक्त खरी पानं दाखवायची."

दिल्लीच्या दिवाळीत अडचण नेमकी हीच आहे. जो ब्लाइंड खेळतोय त्याला घाबरवणार कसं? घाबरायला आधी स्वतःची पानं माहीत असावी लागतात. आपण मोठी चाल केली की चांगली पानं असणारे समंजस लोक बाहेर पडतात आणि काजूच्या बशीत हात घातलेला तो एकटा उरतो. शेवटी शो होतो आणि त्याची सत्तीची जोडी निघते. तो स्वतःच इतका चकित होतो की त्याचा रागही करता येत नाही.

या सगळ्यातून एकच माणूस वाट काढताना मी पाहिला. आमच्या मराठी मंडळातले एक काका. बँकेतून निवृत्त, अर्ध्या बाह्यांचा विणलेला स्वेटर, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून कानटोपी. गणेशोत्सवात जमा-खर्च तेच वाचून दाखवतात आणि सात रुपयांचा फरक लागला तर सभा थांबवतात. त्यांच्याकडे बघून हा माणूस खोटं बोलू शकेल असं त्यांच्या शत्रूलाही वाटणार नाही. कर्नलसाहेबांकडच्या बैठकीत ते भिंतीला टेकून बसले होते. दोन तास पॅक, पॅक, पॅक. मधे एकदा त्यांनी पॅक म्हणायच्या आधीच शेजारच्याने त्यांची पानं गोळा केली.

साडेअकराच्या सुमाराला एका डावात ब्लाइंडवाले सगळे एकेक करून पानं बघते झाले. हे त्यांनी हेरलं होतं असं मला नंतर जाणवलं. आता समोर पानं माहीत असलेली, म्हणजे घाबरू शकणारी माणसं होती. तिघे उरले होते. काकांनी पानं उचलली, अगदी डोळ्यांजवळ नेली, पुन्हा गादीवर पालथी ठेवली आणि त्यांच्यावर हाताचा तळवा असा ठेवला की जणू मुदत ठेवीची पावतीच. मग स्वेटरच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. रबरबँड सोडला. तो मनगटावर चढवला. थुंकी लावून पाचशेच्या नोटा मोजल्या, एकदा मोजून समाधान झालं नाही म्हणून दुसऱ्यांदा मोजल्या, आणि चाल दुप्पट केली. कुणाकडे बघितलं नाही. नोटांच्या कडा मात्र जुळवून ठेवल्या.

टेबलावर शांतता. चांदणी चौकातल्या एका घाऊक व्यापाऱ्याने आधी पानं टाकली. कर्नलसाहेब बराच वेळ त्या रबरबँडकडे बघत राहिले. "अंकल जी ने दो घंटे में पहली बार पर्स निकाला है," असं म्हणून त्यांनीही पानं टाकली. मला खात्रीने सांगता येतं, त्यांच्याकडे रंग होता, कारण त्यांनी तो चिडून मला दाखवला. काकांनी पैसे गोळा केले, स्वतःची तीन पानं न दाखवता गड्डीत घातली आणि "चला, आता उशीर झाला," म्हणून चपला शोधायला लागले.

हे बघून मला बाजीराव आठवले. मराठी माणसाला दिल्लीत कशावरूनही बाजीराव आठवतात, पण इथे कारण होतं. १७३७ चा वसंत. दोआबात मल्हारराव होळकरांच्या तुकडीला सादतखानाने मागे रेटलं होतं. तेवढ्यावर त्याने बादशहाला कळवलं की मराठ्यांची दाणादाण उडवून त्यांना चंबळेपार हाकललं. महंमदशहाचा दरबार खूश. म्हणजे टेबलावर आपली ख्याती झाली 'पळालेले'. एरवी माणूस यावर खुलासा देत बसेल. बाजीरावांनी आग्रा-मथुरेकडे गोळा झालेल्या मुघल फौजांना बगल दिली, मेवातच्या अंगाने लांब मजला मारल्या आणि थेट दिल्लीच्या वेशीवर उभे राहिले, जिथे कालकादेवीची जत्रा भरली होती. मोठमोठे सरदार मागे, राजधानी पुढे मोकळी. बादशहाला जे मराठे चंबळेपलीकडे आहेत असं कळलं होतं ते खिडकीतून दिसायला लागले! तालकटोऱ्याच्या बाजूला मीर हसन कोका फौज घेऊन बाहेर आला, त्याला चोपलं.

खरी करामत मात्र त्यानंतरची आहे. ते थांबले नाहीत. शहर लुटण्या-जाळण्याचा विचार मनात आला होता, पण मर्यादा ओलांडली तर पुढचं राजकारणच तुटेल असं त्यांनी चिमाजीअप्पांना लिहिलं आहे. मागून मोठ्या फौजा येत होत्या, आपल्याकडे तोफखाना नाही, लाल किल्ला काही घोड्यावरून घेता येत नाही. शो झाला असता तर पानं उघडी पडली असती. म्हणून पैसे उचलले, पानं गड्डीत घातली आणि निघाले. त्याच तालकटोऱ्याच्या स्टेडियमवर २०२५ च्या फेब्रुवारीत ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. आपण तिथे तीन दिवस राहिलो, म्हणजे बाजीरावांपेक्षा जास्तच.

दुसरी बाजू पानिपतची. जेवण झाल्यावर ताटातल्या वाट्या-चमचे मांडून पानिपत पुन्हा न लढलेला मराठी पुरुष विरळा, तेव्हा मीही माझी वाटी मांडतो. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हाच खजिन्याची ओरड होती; लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून त्याचे रुपये पाडावे लागले. चिप्स संपल्यावर यजमानाच्या घराचं छत काढणारे खेळाडू दिल्लीने त्याआधीही पाहिले असतील, पण इतकं शब्दशः नसेल. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतलं, तिथे धान्य मिळालं, जोर होता. आणि त्याच महिन्याच्या अखेरीला अब्दाली बागपतजवळ यमुना उतरत होता. फौज अर्धी या तीरावर, अर्धी त्या. चाल करायची वेळ असेल तर ती होती, असं माझं आणि माझ्या वाटीचं ठाम मत आहे. ती हुकली. मग पानिपतावर दोन-अडीच महिने समोरासमोर तळ. नजीबखानामुळे अब्दालीची रसद दोआबातून चालू, आपली तुटलेली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि उरलासुरला आधार गेला. १४ जानेवारी १७६१ ला भाऊंनी सगळं पुढे लोटलं तेव्हा सैन्य उपाशी होतं आणि हे समोरच्यालाही ठाऊक होतं. शौर्यात काडीची कसर नव्हती. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी सकाळ गाजवली. पण आपल्याकडे दुसरा पर्यायच नाही हे समोरच्याला कळलं असेल, तर तो पळत नसतो.

पानिपत, कर्नालजवळचं कुंजपुरा आणि बागपत ही तिन्ही ठिकाणं आता एनसीआरमध्ये येतात. म्हणजे हा सगळा डाव आमच्याच हद्दीतला. आणि त्यात जखमी होऊन कायमचे लंगडे झालेले महादजी शिंदे दहा वर्षं थांबून १७७१ मध्ये पुन्हा दिल्लीत आले. १७७२ च्या जानेवारीत शाहआलम मराठ्यांच्या संरक्षणात स्वतःच्या तख्तावर बसला. दहा वर्षं पॅक म्हणायचं आणि मग पाकीट काढायचं, याला काय जिगर लागते ते काकांना विचारा.

काकांचं पुढे काय झालं ते राहिलंच. भाऊबीजेला मंडळात जेवण होतं. वाढता वाढता काकू बोलून गेल्या, "अहो, ह्यांच्याकडे त्या दिवशी पाच, सात आणि नव्वी होती, तीसुद्धा तीन रंगांची! घरी येऊन हसून हसून खोकला लागला." त्या पंगतीला कर्नलसाहेबही होते, श्रीखंडासाठी ते दर वर्षी येतात. त्यांचा हात पुरीवर थांबला. संध्याकाळपर्यंत तीन टॉवर आणि एका व्हॉट्सॲप ग्रुपला ही बातमी कळली होती.

काकूंनी नवऱ्याचं नुकसान केलं असं मला वाटलं. पुढच्या दिवाळीला कळलं की नाही. काका स्वेटर घालून भिंतीला टेकले, दोन तास पॅक म्हणत राहिले, मग पाकीट काढलं, रबरबँड मनगटावर चढवला, नोटा दोनदा मोजल्या. या वेळी कुणीही पानं टाकली नाहीत. "अंकल जी, हम पिछले साल वाले नहीं हैं!" म्हणत चौघांनी चालीवर चाल लावली, व्यापाऱ्याने तर मोबाइलवरून पैसे मागवले. शो झाला. काकांनी पानं एकेक करून मांडली. गुलाम, गुलाम, गुलाम.

मधल्या काळात कायद्याचंही वारं फिरलं. तसं साठच्या दशकात सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ मानलं होतं आणि तीन पानांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "न्यायालय म्हणतं ते बरोबरच असणार," आणि हे वाक्य त्यांनी नोटा मोजताना वापरायच्या चेहऱ्यानेच म्हटलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि भाच्याच्या मोबाइलवरचं पोकर एका आठवड्यात ओस पडलं. आता तो वर्षातून एकदा गोव्याला जाऊन मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर बसतो. येताना बहिणीसाठी काजू आणतो आणि गणिताने किती जिंकायला हवं होतं ते सांगतो.

यंदा त्याने काकांना खेळताना बघायचं म्हणून हट्टाने कर्नलसाहेबांकडे यायचं ठरवलं. वही घेऊन आला होता. काका नेहमीच्या जागी बसले. साडेअकराला त्यांनी पाकीट काढलं आणि टेबलावर भीती आणि हाव यांची अशी काही मारामारी झाली की कर्नलसाहेबांनी दोनदा पानं टाकली आणि दोनदा उचलली. नियमात बसत नाही म्हणून व्यापारी ओरडला. भाचा माझ्या कानात पुटपुटला, "मामा, पन्नास-पन्नास. यांना उत्तरच नाही." शेवटी कर्नलसाहेब उठले, स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, जिथे काकू यजमानीणबाईंना अनारशाचं पीठ किती दिवस आंबवायचं ते सांगत होत्या, आणि अतिशय अदबीने विचारलं, "भाभीजी, अंकल के पास इस बार क्या है?"

काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि अगदी निष्पाप चेहऱ्याने म्हणाल्या, "तीन एक्के."

कर्नलसाहेब तिथेच उभे आहेत, अजून ठरलेलं नाही.